विषय: 43 इंची टीव्ही, काळा पडदा आणि 7 तारखेला बंद झालेली रिटर्नची मुदत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी (हे पद सध्या भरलेलं असल्यास)

बार्शी, जि. सोलापूर
दिनांक : 5 नोव्हेंबर 2025

काल आपल्या हेल्पलाइनवरचा सहावा फोन 41 मिनिटांनी आपल्याच बाजूने तुटला. त्या 41 पैकी 33 मिनिटं संगीत होतं. म्हणून आता लेखी. ऑर्डर क्रमांक, सिरीयल नंबर, बिल, जॉबशीटचा फोटो आणि तिन्ही व्हिडिओ सोबत जोडले आहेत. ते पुन्हा 'व्हेरिफाय' करण्यासाठी फोन करू नये.

आधी तारखा, कारण अख्खा घोळ तारखांचाच आहे. सणाच्या ऑनलाइन सेलमध्ये तुमच्या ब्रँडचा टीव्ही मागवला 26 सप्टेंबरला, पोचला 30 सप्टेंबरला. खोक्यावर आपलीच लाल चिठ्ठी : 'खोकं फक्त कंपनीच्या तंत्रज्ञाने उघडावं, अन्यथा वॉरंटी रद्द.' चिठ्ठी पाळली. इन्स्टॉलेशनची तारीख दिली 3 ऑक्टोबर. ती गेली 5 वर, 5 ची गेली 8 वर, दोन्ही वेळा 'सणामुळे कामाचा ताण' असा मेसेज. रिटर्नची मुदत डिलिव्हरीपासून 7 दिवस, म्हणजे 7 ऑक्टोबरच्या मध्यरात्री संपली. तुमचा माणूस आला 8 ला. त्याच दिवशी रात्री आठच्या सुमारास, जेमतेम चार तास चालल्यावर, पडदा दोनदा लुकलुकला आणि काळा झाला. आवाज चालू, रिमोट चालू, चॅनल बदलतात, फक्त दिसत काही नाही. अ‍ॅपमध्ये रिटर्नचं बटण राखाडी झालेलं होतं.

खोकं उघडू द्यायचं नाही, उघडायला माणूस पाठवायचा नाही, आणि रिटर्नचं घड्याळ मात्र डिलिव्हरीपासूनच चालू ठेवायचं. ही योजना ज्यांनी आखली त्यांच्या डोक्याला दाद द्यावी लागेल.

आता बिघाड. तुमचं उत्पादन तुम्हाला माहीत असणारच, तरी हेल्पलाइनवर कुणालाच तो कळलेला नसल्यामुळे लिहितो. खोलीत अंधार करून, टीव्ही चालू ठेवून, मोबाइलचा टॉर्च पडद्यापासून वीतभर अंतरावर तिरका धरला आणि रिमोटवरचं मेनूचं बटण दाबलं, तर मेनू पुसट पण पूर्ण दिसतो. टॉर्च सरकवला की चित्राचा उजळलेला भागही त्याच्यामागून सरकतो. म्हणजे मेन बोर्ड चित्र पाठवतोय, टी-कॉन (पॅनेलला सिग्नल देणारा बोर्ड) चालू आहे, काच आणि पॅनेल शाबूत आहे. गेलाय तो मागचा उजेड, बॅकलाइट. गल्लीतला कुठलाही टीव्ही मेकॅनिक हे दोन मिनिटांत सांगतो आणि त्याचे पैसेही घेत नाही.

हे का होतं, तेही तुम्हाला माहीत आहे. बॅकलाइटच्या पट्टीवरच्या एलईडी एकामागे एक, सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. त्यातली एक आतून तुटली की करंटचा रस्ता तुटतो, ड्रायव्हर (एलईडींना करंट पुरवणारं सर्किट) व्होल्टेज चढवून बघतो, मर्यादा ओलांडली की प्रोटेक्शन लागतं आणि सगळा उजेड बंद होतो. स्वस्त टीव्हीत पट्ट्या कमी, एलईडी कमी, आणि दुकानात झगमगीत दिसावं म्हणून प्रत्येकीतून करंट जास्त. तुमचा टीव्ही खोक्यातून निघतो तोच 'व्हिव्हिड' मोडवर, बॅकलाइट 100 वर. जाणता माणूस नवीन टीव्ही लावला की पहिल्यांदा तो 60 वर आणतो. तुमच्या पुस्तिकेत ही ओळ नाही, 'कराओकेचा आनंद घ्या' ही आहे. तरीही चार तासांत पट्टी जाणं हे जास्त करंटचंही लक्षण नव्हे. हा सरळ कारखान्यातला दोष आहे, सोल्डरिंगचा किंवा कनेक्टरचा.

प्लग काढा, पॉवर बटण 30 सेकंद दाबून धरा, परत लावा. सहा फोनमध्ये हे सहा वेळा करायला लावलं. त्याने कपॅसिटर रिकामे होतात, अडकलेलं सॉफ्टवेअर सुटतं, हे मान्य. तुटलेली एलईडी सांधली जात नाही. घरातलं व्होल्टेजही मोजून दिलं होतं, 228. त्यावर उत्तर आलं की हे आमच्या फॉर्ममध्ये भरायला जागा नाही.

आता 11 ऑक्टोबरचा फोन. तो शब्दशः देतो, कारण तुमच्याकडे 'गुणवत्तेसाठी रेकॉर्ड' केलेला आहे आणि कुणीतरी तो एकदा ऐकावा अशी इच्छा आहे. (मराठीसाठी 3 दाबलं. योगायोगाने खरंच मराठी आली, एवढं श्रेय देतो.)

'सर, आपला व्हिडिओ मिळाला, पण त्यात स्क्रीन काळी दिसतेय.'

'तीच तक्रार आहे.'

'हो सर, पण स्क्रीन काळी असल्यामुळे प्रॉब्लेम दिसत नाहीये. प्रॉब्लेम नीट दिसेल असा व्हिडिओ पाठवाल का?'

'काळी स्क्रीन हाच प्रॉब्लेम आहे.'

'समजलं सर. पण टीव्ही बंद असला तरी स्क्रीन काळीच असते ना. टीव्ही चालू आहे हे व्हिडिओत कळायला पाहिजे.'

'व्हिडिओत बातम्यांचा आवाज येतोय. ऐकला का?'

थोडा वेळ कीबोर्डची टकटक.

'हो सर, येतोय. म्हणजे टीव्ही चालू आहे. मी 'प्रॉडक्ट वर्किंग' असं टाकते.'

'तसं टाकू नका.'

'टाकलं सर. टीव्ही चालू असल्यामुळे हा डीओएमध्ये बसत नाही. टेक्निशियन येईपर्यंत आपण ऑडिओचा आनंद घेऊ शकता. आणखी काही मदत करू शकते का?'

(डीओए म्हणजे 'डेड ऑन अरायव्हल', पोचतानाच बिघडलेला माल.) त्या बाईंवर राग नाही. समोरच्या पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते त्यांना वाचावं लागतं. निदान त्यांच्या पडद्यावर काही दिसतं तरी. पण ही उत्तरं ज्याने लिहून दिली तो माणूस तुमच्या कंपनीत पगारावर आहे आणि हे पत्र त्याच्या टेबलावर जावं. टीव्ही बंद असेल तर स्क्रीन काळी असणं स्वाभाविक, आणि चालू असेल तर बिघाड नाही : या तर्काने तुमच्या एकाही टीव्हीचा बॅकलाइट आजवर कधीच गेलेला नसणार. 16,999 रुपयांत 43 इंची रेडिओ दिलात. आकाशवाणी ऐकायला बार्शीच्या बाजारात बरंच स्वस्त यंत्र मिळतं, आणि ते भिंतीला भोकं पाडून लावावं लागत नाही.

14 तारखेला टॉर्चवाला व्हिडिओ पाठवला. 'रिफ्लेक्शनमुळे अस्पष्ट' म्हणून नाकारला. टॉर्चशिवाय काळं दिसतं म्हणून नाही, टॉर्चने चमकतं म्हणून नाही. तिसरा कोणता प्रकाश चालेल, ते कळवावं.

15 ऑक्टोबरला तंत्रज्ञ आला, सोलापूरहून. भला माणूस. मागचं झाकण काढून त्याने बॅकलाइटच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावला. टीव्ही चालू करताच व्होल्टेज क्षणभर चढतं आणि कोसळतं. 'स्ट्रिप गेलीय, सेट बदलून मिळेल,' असं तोंडाने म्हणाला आणि फोटो काढून गेला. 16 ला मेसेज आला : 'आपली तक्रार निकाली. कारण : फिजिकल डॅमेज.' सोबत पॅनेल बदलण्याचं अंदाजपत्रक, 11,500 रुपये.

पॅनेल फुटलेलं कसं दिसतं? कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा, शाई सांडल्यासारखे डाग, आणि टॉर्च लावला की त्या जागी चित्र तुटलेलं. इथे टॉर्चमध्ये चारही कोपरे पूर्ण दिसतात. तुमच्याच तंत्रज्ञाने काढलेल्या फोटोत काचेवर ओरखडा नाही. भिंतीवरही तुमच्याच माणसाने, तुमच्याच खोक्यातल्या स्क्रूंनी बसवला. मागच्या भोकांत गरजेपेक्षा लांब स्क्रू पिळला तर तो आतल्या पट्टीपर्यंत पोचू शकतो. तसं झालं असेल तर ते 'फिजिकल डॅमेज' खरंच आहे, पण ते कुणी केलं याचं उत्तर तुमच्या हजेरीपटात मिळेल.

शिवाय एक गंमत. बॅकलाइट वॉरंटीत मागितला की तो पॅनेलचा भाग नाही. पैसे मागायची वेळ आली की तोच पॅनेलचा भाग. सुटी पट्टी देत नसाल, अख्खं मॉड्यूलच बदलत असाल, तर तसं लेखी द्या. पण मग पॅनेलवरच्या 1 वर्षाच्या वॉरंटीत ते फुकट बसतं. 16,999 च्या टीव्हीला 11,500 चं पॅनेल, तेही शाबूत असलेलं काढून! एक्सचेंजमध्ये जो जुना 32 इंची नेलात तो नीट चालत होता, हे जाता जाता.

18 आणि 27 तारखेच्या फोनवर 'सद्भावना म्हणून' घरीच पट्टी बदलून देण्याची तोंडी तयारी दाखवली. नको आहे. 43 इंची टीव्हीत पट्ट्यांपर्यंत जायचं तर आधी काच, म्हणजे ओपन सेल, उचलून बाजूला ठेवावी लागते. ती जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीची. दोन माणसं, सक्शन कप, सपाट टेबल आणि धूळ नसलेली खोली लागते. तुम्ही पाठवता एक माणूस आणि त्याची पिशवी. काचेच्या कडेला चिकटवलेल्या बारीक रिबनी जरा ताणल्या की कायमची उभी रेघ, डिफ्यूझरच्या, म्हणजे उजेड पसरवणाऱ्या, पापुद्र्यांत कचरा गेला की कायमचा ठिपका, एलईडीवरचं भिंग सुटलं की पांढरा टिळा. एकच पट्टी बदलली तर नवी-जुनी उजेडाचा फरक दिसतो, म्हणून सगळा संच बदलावा लागतो. हे सगळं चार तास चाललेल्या टीव्हीवर, आणि त्यानंतर रेघ आली की पुन्हा 'फिजिकल डॅमेज'. दोन वर्षं वापरलेला टीव्ही असता तर ही दुरुस्ती रास्त होती. नव्या टीव्हीला बदली किंवा परतावा, तिसरा मार्ग नाही.

कालच्या फोनवर सुपरवायझर म्हणाले, 'सर, 51 टक्के डिस्काउंटमध्ये घेतलेल्या प्रॉडक्टला थोडं समजून घ्यावं लागतं.' समजून घेतलं. खोक्यावर एमआरपी 34,999, जी कुणीच कधी दिलेली नसते. 22 सप्टेंबरपासून 32 इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. तुमच्या बिलातली मूळ किंमत 14,405.93 रुपये. तिच्यावर जुना कर लावला असता तर 18,440 झाले असते. म्हणजे सुमारे 1,440 रुपयांची सूट तुमची नव्हेच, सरकारने सोडलेल्या कराची. आणि सूट किमतीत असते, उजेडात नसते.

रिटर्नची मुदत 7 तारखेला संपली आणि तुमचा माणूस 8 ला आला, हे पुन्हा लिहितो, कारण सहा फोनांत एकानेही या एका वाक्यावर उत्तर दिलेलं नाही. विक्रेता म्हणतो ब्रँडकडे जा, ब्रँड म्हणतो विक्रेत्याची मुदत संपली. ई-कॉमर्स नियम, 2020 मधला नियम 6 म्हणतो की सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. 'अ‍ॅपमधलं बटण राखाडी झालं असल्यास' असा अपवाद त्यात नाही. नियम 4 प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल. 9 ऑक्टोबरच्या ईमेलला पोच आली ती यंत्राची, अधिकाऱ्याची नव्हे. या पत्राची प्रत विक्री करणाऱ्या मंचाच्या अधिकाऱ्यालाही जात आहे, तेव्हा चेंडू कुणाकडे टोलवायचा ते आपसात ठरवून घ्यावं.

पाहिजे ते एवढंच. सात दिवसांत त्याच मॉडेलचा नवा सेट, आणि तो लावून, दोन तास चालवून दाखवल्यावरच जॉब बंद करायचा. ओटीपी त्याआधी मिळणार नाही. नाहीतर पूर्ण परतावा. परतावा देताना नो-कॉस्ट ईएमआयचाही हिशेब करा : व्याज तुम्ही आधी सूट म्हणून वळतं केलंत, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी दर हप्त्याला कार्डावर लागतोय, आणि परताव्यानंतर बँकेकडचा ईएमआय बंद झाला की नाही ते वेगळं पाहावं लागतं. दिसत नसलेल्या टीव्हीचे दोन हप्ते गेले आहेत. आणि 'फिजिकल डॅमेज'ची नोंद लेखी मागे घ्यायची. ती तशीच राहिली तर पुढची प्रत्येक वॉरंटी तिथेच अडेल.

हे न झाल्यास 13 नोव्हेंबरला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नोंद आणि त्यापाठोपाठ सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. 2019 च्या कायद्याने ती ग्राहक राहतो तिथे करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. तुम्ही मात्र वकील पाठवाल, आणि त्याचं एका फेरीचं भाडं त्या पट्टीपेक्षा जास्त असेल. तिथे पहिला पुरावा म्हणून 11 ऑक्टोबरचं रेकॉर्डिंग मागवलं जाईल. ऑडिओचा आनंद आयोगालाही घेऊ द्या.

सेट भिंतीवर आहे तसा आहे. वॉरंटीचं स्टिकर तुमच्या तंत्रज्ञाने फोडलं, आम्ही नाही. मूळ खोकं, दोन्ही थर्मोकोल, स्टँडचे दोन पाय, त्यांचे चार स्क्रू, रिमोट आणि त्याचे दोन सेल जपून ठेवले आहेत, यादीशी ताडून घ्यावेत. न्यायला माणसं दोन पाठवावीत आणि स्क्रूड्रायव्हर सोबत द्यावा. मागच्या दोन्ही वेळी तो आमचाच वापरला.

आपला,
(अजून तरी) ग्राहक