आंघोळ घालायचं बिल कौन्सिल बदललं की का बदलतं?

संपादक महोदय,

तिकडे म्हाताऱ्या माणसांचं सगळं सरकार फुकट करतं असं आपल्याकडे बरेच जण बोलतात, म्हणून इंग्लंडमधून हे पत्र लिहितेय. डॉक्टर, ऑपरेशन फुकट आहे हे खरंय. पण घरी आंघोळ घालायला, कपडे बदलायला केअरर (मदतनीस) येत असेल तर ते काम बहुतेक वेळा कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेकडे जातं आणि कौन्सिल तुमचं उत्पन्न, बचत तपासून बिल पाठवते.

माझ्या सासूबाईंना पेन्शन आहे आणि वर अटेंडन्स अलाउन्स हा सरकारी भत्ता. हा भत्ता आजारपणाच्या जादा खर्चासाठीच असतो ना, मग तोच उत्पन्न म्हणून धरला! घर दिवसभर गरम ठेवायचं, रोज चादरी धुवायच्या, डायपर, हा सगळा खर्च वजा करून मागता येतो हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही, सहा महिन्यांनी ओळखीतल्या एका बाईंकडून कळलं, तोपर्यंत पूर्ण बिल भरत होतो.

इंग्लंडच्या २०१४ च्या केअर ॲक्ट या कायद्याप्रमाणे कौन्सिल पैसे घेऊ शकते, घेतलेच पाहिजेत असं नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ अँड फुलहॅम कौन्सिलने २०१५ मध्ये घरच्या केअरचे पैसे घेणं बंद केलं. स्कॉटलंडमध्ये ६५ च्या वरच्यांना २००२ पासून आणि त्याखालच्यांना २०१९ पासून पर्सनल केअर (आंघोळ, कपडे वगैरे) फुकट आहे. मग आजार तोच, म्हातारपण तेच, फक्त पत्ता वेगळा म्हणून बिल का? २३,२५० पौंडांच्या वर बचत असली की सहसा सगळा खर्च तुमचाच, आणि हा आकडा २०१० पासून पंधरा वर्षं हलला नाही, महागाई केवढी वाढली तरी.

भत्ता उत्पन्नात धरण्याचं म्हणाल तर नॉरफोक कौन्सिलच्या केसमध्ये हायकोर्टाने २०२० ला हेच पकडलं. नोकरीचा पगार हिशेबात धरत नाहीत पण अपंगत्वाचे भत्ते धरतात, म्हणजे ज्याला कामच करता येत नाही त्याच्याकडून जास्त वसूल होतं, हा भेदभाव आहे असं कोर्ट म्हणालं.

कौन्सिलांकडे पैसा कमी आहे हे मला मान्य आहे, पण ती तूट अंथरुणावरच्या माणसाच्या भत्त्यातून भरून काढणं मला पटत नाही. तुमच्या वाचकांपैकी ज्यांचे आईवडील इकडे मुलांजवळ राहतात त्यांनी कृपया हिशेबाचा कागद लेखी मागून घ्या आणि आजारपणाचा कुठला खर्च वजा केलाय, कुठला नाही ते ओळ न् ओळ बघा, पावत्या तर अजिबात टाकून देऊ नका.

आपली,
एक वाचक, इंग्लंड