आप्पांची रॅले

पुणे ३०
रविवार, दुपारचे तीन

प्रिय बंड्या,

पत्र बघून दचकू नकोस, पैसे नको आहेत. एक कबुली द्यायची आहे आणि ती फोनवर दिली तर तू मधेच हसून घालवशील, म्हणून लिहितोय.

आज सकाळी खडकवासल्याला मी तुझ्या आप्पांची रॅले चौदा जणांना ‘माझी सायकल’ म्हणून दाखवली.

नागपूरला बदली झाली तेव्हा तू ती आमच्या जिन्याखाली ‘महिनाभर’ ठेवून गेलास. त्याला आता अकरा वर्षं झाली. मधल्या काळात तिच्यावर कांद्याची पोती, दिवाळीचा आकाशकंदील आणि शेजारच्यांचं मांजर एवढं सगळं राहून गेलं. गेल्या पावसाळ्यात सोसायटीच्या सभेत ‘भंगार हलवा’ असा ठराव झाला आणि मला तो शब्द झोंबला. आप्पा त्याच सायकलवरून रोज सकाळी खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत जायचे, डब्याची पिशवी हँडलला, आणि रविवारी सगळ्या वाड्यासमोर खोबरेल तेलाने मडगार्ड पुसत बसायचे. भंगार म्हणे!

आधी एका चकचकीत दुकानात नेली. तिथल्या मुलाने तिला हातही लावला नाही. ‘सर, यापेक्षा नवीन घ्या, ईएमआय आहे,’ म्हणाला. मग दत्तवाडीत एक म्हातारे मिस्त्री सापडले. टपरीत टांगलेल्या ट्यूबा, पंक्चरसाठी पाण्याचं घमेलं, हातात कायम पाना. त्यांनी पायडलपाशी चेनच्या चकतीत कोरलेले तीन बगळे, म्हणजे रॅलेची खूण, बोटाने मोजले, म्हणाले, ‘नॉटिंगहॅमची आहे. आटे वेगळे असतात हिचे.’ मला वाटलं, उगाच भाव वाढवतायत. पण खरंच, पायडलचा आख ज्या वाटीत फिरतो तिला बाकीच्या सायकलींत इंचाला २४ आटे, रॅलेवाल्यांनी स्वतःचे २६ काढले. बाजारातली नवी वाटी दोन फेरे जाते आणि अडकते. शेवटी तीन रविवार जुन्या बाजारात उकिडवं बसून हवी ती वाटी मिळवली. बायकोने या काळात माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं होतं.

पूर्ण ओव्हरऑईल केली. छर्रे नवे, कॉटर नवे, चाकांचा आऊट काढला. मागच्या हबवरची, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्यावरची, काळी मळी मी स्वतः रॉकेलच्या बोळ्याने काढत होतो. स्टर्मी-आर्चरचा तीन गियरचा हब, आठवतो ना? बोळा फिरवता फिरवता पत्र्यात ठोकलेले आकडे वर आले : ५२, आणि बाजूला ७. हे लोक हबवर बनवल्याचं साल आणि महिना ठोकायचे. म्हणजे जुलै १९५२.

आता आप्पा आपल्याला काय सांगायचे ते आठव. ‘अठ्ठावनला घेतली, पहिल्या बोनसची, नवी कोरी!’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय. मी स्वतःला समजावलं की सहा वर्षं गोदामात पडून राहिली असेल. पण मग मागच्या मडगार्डचा पोपडा निघाला आणि काळ्या रंगाखाली पिवळ्या रंगात, कुणीतरी हाताने काढलेली दोन अक्षरं दिसली : वि. रा. आप्पांच्या नावात ना वि आहे ना रा. मी बराच वेळ तिथेच फरशीवर बसून राहिलो. आणि खरं सांगू, आप्पा मला पहिल्यापेक्षा जास्त आवडले.

बरं, सायकल सुरू झाली म्हणजे प्रश्न संपले असं नाही. पहिल्याच रविवारी धरणाच्या अलीकडच्या चढाला मी उभा राहून मारत होतो आणि अचानक पायाखालचं पायडल पोकळीत गेल्यासारखं गरकन खाली गेलं. छाती हँडलवर, नडगी पायडलवर. मागून येणारा दूधवाला ‘काका, सावकाश’ म्हणाला, ते जास्त लागलं. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरच्या मधे एक अशी जागा असते जिथे कुठलाच गियर नसतो. तार ढिली पडली की नेमका तिथे जाऊन बसतो. मिस्त्रींनी गियर दोनवर टाकला, उजवीकडच्या नटाला असलेल्या भोकातून आत बघितलं, आतली दांडी आखाच्या टोकाशी बरोबर येईपर्यंत तार ओढली आणि अंगठ्याने नट घट्ट केला. अर्ध्या मिनिटाचं काम. त्याचे पैसे घेतले नाहीत, नडगी बघून हसले मात्र.

आता आजचं सांगतो. आमचा रविवारचा कंपू पावणेसहाला राजाराम पुलाशी जमतो. खडकवासल्यापर्यंत सगळे, पुढे गोळेवाडीवरून सिंहगडावर फक्त ज्यांचं गुडघ्यांशी वैर आहे ते. पण खरा कार्यक्रम चहा-भजीनंतरचा. सायकली ओळीने भिंतीला टेकवायच्या आणि फोटो. त्याला नियम आहेत बाबा. चेनची बाजू कॅमेऱ्याकडे, पायडल आडवं, दोन्ही चाकांचे व्हॉल्व्ह बरोबर खाली, सहाच्या काट्यावर. मुलगी दाखवायचा कार्यक्रम परवडला.

मग एकेकाचं सुरू होतं. एका डॉक्टरांची कार्बनची सायकल आहे, ७.१ किलो. मोठ्या शर्यतींत ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालत नाही, तर उरलेले तीनशे ग्रॅम कुठून कमी करता येतील याची त्यांना काळजी. भज्यांची तिसरी प्लेटही त्यांचीच असते. एक आयटीतला पोरगा आहे, सायकलवरचा चिखल पुसत नाही. तो चिखल म्हणे पसरणी घाटातला आहे. पण त्याला मी मान देतो. एकाच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, केल्यात त्याने, शेवटची चाळीस तासांच्या आत. आणि एक निवृत्त शिक्षिका आहेत, ॲटलास चालवतात. ३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. बाई म्हणतात, ‘कारखाना बंद, आम्ही चालू.’ यावर कुणाचंच काही चालत नाही.

आज मी रॅले टेकवली तेव्हा सगळे गप्प. डॉक्टरांनी मागचं चाक उचलून फिरवलं, टिकटिक ऐकली आणि म्हणाले, ‘काहीतरी घासतंय.’ मग मी सुटलो. पहिल्या गियरला ती गप्प असते, दुसऱ्या-तिसऱ्याला टिकटिकते, ती टिकटिक म्हणजे तब्येत ठणठणीत असल्याची खूण, वगैरे वगैरे. पोरगा चिखलासकट वाकून बगळे बघत होता. बाईंनी चष्मा लावून हबवरचे आकडे वाचायला सुरुवात केली, तेवढ्यात मी हळूच तिथे फडकं टाकलं.

‘कधीची आहे?’ बाईंनी विचारलं.

‘अठ्ठावनची,’ मी म्हणालो. ‘नवी कोरी घेतली. माझ्या वडिलांनी.’

झालं. हीच ती कबुली. माझे वडील जन्मात सायकल शिकले नाहीत हे तुला माहीतच आहे.

घरी येताना पुढच्या दिव्याची रिकामी क्लिप खडखडत होती. लक्ष्मी रोडवर आपल्याला डबल सीट, त्यात दिवा नाही म्हणून पोलिसाने धरलं होतं आणि दोन्ही चाकांची हवा सोडली होती, तेव्हा दिवा तुझ्या पिशवीत होता. तू तो काढून ठेवला होतास, कुणी चोरू नये म्हणून. मग पर्वतीपर्यंत सायकल ढकलत आणलेली. तो दिवा तुमच्या नागपूरच्या माळ्यावर नक्की असणार, डायनॅमोसकट. शोध आणि पाठव. सायकल न्यायला येणार असशील तर आधी कळव, म्हणजे मी बाहेरगावी जाईन.

काकूंना नमस्कार.

तुझा,
नंद्या

ता. क. ‘वि. रा.’ कोण असावेत, ते काकूंना सहज बोलता बोलता विचार. सायकलचा विषय मात्र काढू नकोस.