रातांब्याचा पैसा गावातच राहावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी मेच्या अखेरीस, रातांबे म्हणजे कोकमाची फळे ऐन भरात असतानाच वळवाच्या सरी येतात आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीत परसदारी पिकलेली कितीतरी फळे झाडाखालीच कुजतात. या झाडाला ना खत लागते ना फवारणी, पण आमसूल करणे मात्र कष्टाचे आहे. फळे फोडून साली वेगळ्या करायच्या, गराच्या रसात मीठ घालून त्यांना पुन्हा पुन्हा पुटे द्यायची आणि दर पुटानंतर कडक उन्हात वाळवायच्या, तेव्हा कुठे काळसर, मऊ आमसूल हाती लागते. माझ्या आईची बोटे सारा हंगाम जांभळी असत. मध्येच पाऊस लागला, की सालींना बुरशी धरते आणि आठवड्याची मेहनत उकिरड्यावर जाते. या धास्तीनेच अनेक घरांतल्या बायका ओले रातांबे मिळेल त्या भावाने देऊन मोकळ्या होतात.

सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आम्हाला अभिमान आहे. मात्र गेल्या उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या एका हॉटेलात मी कोकम सरबत मागवले, तेव्हा समोर आला तो भडक लाल रंगाचा, नुसता गोड पाक. त्यात आगळाचा, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचा, थेंबही नसावा. चार किलोमीटरवरच्या वाडीत घरोघरी आगळाच्या बरण्या भरलेल्या असताना पर्यटकाला हे प्यावे लागते, याचे मला मनापासून वाईट वाटले.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्रीय योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे आणि बचत गटाच्या सदस्याला ४० हजार रुपयांपर्यंत बीजभांडवलाची तरतूद आहे. तरतूद चांगली आहे, पण अनुदान कर्जाला जोडलेले असल्याने आधी बँकेच्या दारात उभे राहावे लागते आणि जमिनीचा सातबारा सहसा बाईच्या नावावर नसतो. म्हणून कृषी विभागाने वाडीवाडीत सामाईक वाळवणी यंत्रे उभारावीत, ती मे महिन्यापूर्वी सुरू व्हावीत आणि त्यांचा ताबा गटांकडे असावा. मग पावसाच्या भीतीने माल विकण्याची वेळ येणार नाही.

सिंधुदुर्ग हा १९९७ पासून पर्यटन जिल्हा आहे. इथल्या शासकीय विश्रामगृहांत, एसटी स्थानकांवरील उपाहारगृहांत आणि शासकीय कार्यक्रमांत बाटलीबंद शीतपेयांऐवजी स्थानिक गटांकडून घेतलेल्या आगळाचे सरबत व सोलकढी द्यावी, असा आदेश काढायला फारसा खर्च येणार नाही. या खरेदीचा दर हंगामापूर्वी जाहीर झाला, तर किती आमसूल घालायचे आणि किती आगळ काढायचे, हे घरची बाईच ठरवू शकेल.

आपली विश्वासू,
एक वाचक, कुडाळ तालुका, जि. सिंधुदुर्ग