शाळेतल्या संडासाला पाणी द्या साहेब : पाणीपुरवठा मंत्र्यांना खुलं पत्र

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री साहेब,
जय गुरुदेव.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा भागातून लिहितेय, पोरगी झेडपीच्या शाळेत सातवीला आहे आणि मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे. शाळेत मुलींसाठी वेगळं संडास आहे, टाइल्स लावून चांगलं बांधलंय, पण वरच्या टाकीत पाणी चढत नाही, तोटी कोणीतरी काढून नेली, घाण व्हायला लागली म्हणून शेवटी दाराला कुलूप लागलं. माहिती भरताना मात्र "आहे" असंच भरलं जातं. मग पोरी काय करतात, तर दिवसभर पाणीच पीत नाहीत, मार्च-एप्रिलच्या उन्हात सुद्धा बाटली भरलेली तशीच घरी येते, आणि पाळी आली की शाळेलाच जात नाहीत. शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे, त्यात मुलामुलींचं वेगळं शौचालय अन् पिण्याचं चांगलं पाणी दोन्ही लिहिलंय.

जलजीवन मिशन 2019 ला आलं, माणशी रोज 55 लिटर ठरलं, पाइपलाइन पडली, दारात नळ आले, हे काम झालंय आणि त्याचं समाधान आहे. पण मोटर जळली की कोणी बघायचं, लाइट बिल थकलं की कोणी भरायचं, इथं सगळं अडतं, कारण बांधकामाला निधी येतो आणि चालवायला येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी-स्वच्छतेसाठीच होता, त्यातही शाळेचा नंबर शेवटी. झेडपीच्या प्राथमिक शाळेत शिपाई नाही, सफाईला माणूस नाही, मग संडास धुणार कोण, मास्तर की पोरं?

आणि पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे बोरिंगला फ्लोराइड आहे. लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते पिऊ नये, पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, कितीही घासा जात नाहीत, वर्षानुवर्षं पित राहिलं तर हाडं-सांधे आखडतात. लोकांना वाटतं उकळलं की झालं, पण फ्लोराइड उकळून जात नाही, पाणी आटतं तसं ते उलट वाढतं. हे बायांना कोणी नीट समजावून सांगत नाही याचा मला फार राग येतो. अकोला-बुलडाण्याकडच्या खारपाणपट्ट्यात वेगळीच गत, तिथं पाणीच खारं.

तर साहेब, प्रत्येक शाळेमागे गावातल्याच एका बाईला सफाईचं मानधन द्या, दर महिन्याला, वेळेवर. शाळेच्या मोटरीचं बिल अन् दुरुस्ती यासाठी वेगळा निधी ठेवा. आणि प्रत्येक बोरिंगच्या पाण्याचा रिपोर्ट तिथंच मराठीत रंगवून लिहा, पिण्याचं आहे की फक्त वापरायचं. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्याआधी निदान संडासाच्या टाकीत पाणी चढवून द्या.

आपली,
शाळा व्यवस्थापन समितीतली एक आई