गणपूर्ती समजावून सांगणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही पैसे घेत नाही आणि फोनवर आभार मानायला लागलो की "दादा, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

मे महिन्यातली ती दुपार मी विसरणार नाही. अक्कलकोट रोडला आमच्या टॉवेलच्या कारखान्यात लाईट गेली आणि यूपीएसनं दहा मिनिटांत मान टाकली. तासाभरानं लाईट आली, लूम सुरू झाले, पण आमच्या दोन सर्व्हरपैकी ताण्याचा एसएमपीएस, म्हणजे त्याला वीज पुरवणारा भाग, जळाला होता. (ताणा आणि बाणा ही नावं वडिलांनी ठेवली. उभं सूत आणि आडवं सूत, एकाशिवाय दुसऱ्याचं कापड होत नाही, असं ते म्हणाले होते.) बाणा व्यवस्थित सुरू झाला, दोन्ही सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रॉक्समॉक्स या सॉफ्टवेअरचं पानही उघडलं. पण जकार्डच्या, म्हणजे नक्षी विणण्याच्या, डिझाईन फाईली आणि बिलिंग ज्या व्हीएमवर (सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरवर) आहे, ते काही केल्या सुरू होईना. स्टार्ट दाबलं की एकच ओळ: क्लस्टर नॉट रेडी, नो कोरम. म्हणजे जोडलेल्या मशीनांचा गट तयार नाही, गणपूर्ती नाही.

सिस्टीम बसवून देणाऱ्यांना फोन केला. "फॉरमॅट मारा, नव्यानं टाकू," म्हणाले. चार वर्षांची डिझाईन होती त्यात. लूम सांभाळणारा जॉबर दारात उभा, शनिवारी माल जायचा.

मग तुमचा नंबर मिळाला. तुमचा पहिला प्रश्न अजून कानात आहे. "दादा, ताणा खरंच बंद आहे का? स्क्रीनवर नको, डोळ्यांनी बघून या. आणि त्याचा प्लग काढून ठेवा." मी जाऊन प्लग काढून आलो, तेव्हाच तुम्ही पुढची कमांड सांगितलीत: पीव्हीईसीएम एक्स्पेक्टेड १, म्हणजे सध्या एकच मत अपेक्षित धर. मिनिटभरात व्हीएम उठलं. "हे आजच्यापुरतं. याची सवय लावू नका," हेही त्याच दमात सांगितलंत.

काम झालं होतं, तुम्ही फोन ठेवू शकला असता. तुम्ही ठेवला नाहीत. म्हणालात, "समजा सोसायटीत दोनच सभासद आहेत. बहुमत म्हणजे निम्म्याहून जास्त, म्हणजे दोघंही हवेत. एक आला नाही की गणपूर्ती नाही, ठराव नाही. बाण्याला एवढंच कळतंय, की ताण्याचा आवाज येत नाही. तो बंद पडलाय की मधली केबल निघालीय, हे त्याला कळायला मार्ग नाही. केबलच निघालेली असेल आणि दोघांनी आपापला ठराव केला, तर एकच व्हीएम दोन ठिकाणी चालू होऊन डेटाची वाट लागेल. म्हणून तो थांबलाय." तोवर मी त्या मशीनवर चिडलो होतो. ते आमचाच माल सांभाळत होतं.

पुढच्या आठवड्यात तुमच्या सांगण्यावरून राउटरशेजारी रास्पबेरी पाय हा छोटासा कॉम्प्युटर बसवला. क्यूडिव्हाइस म्हणून तो फक्त तिसरं मत देतो, आमच्या एकाही फाईलीला हात लावत नाही. तीनातली दोन मतं मिळाली की सभा चालू.

दिवाळीनंतर तिसरं मशीन घेतलं, त्याचं नाव धोटा, आडवं सूत नेणारा. उत्साहाच्या भरात मी त्यावर आधीच एक व्हीएम टाकून बसलो होतो. तुम्ही बॅकअप घेऊन ते काढायला लावलंत, कारण क्लस्टरमध्ये येणारा नोड, म्हणजे नवं मशीन, रिकामा लागतो, त्याचं जुनं कॉन्फिगरेशन पुसलं जातं. नाव आणि आयपी आधी पक्के केले, घड्याळं जुळवली, पायचं मत काढून घेतलं. मशीन क्लस्टरला जोडणारी पीव्हीईसीएम ॲड ही कमांड मी बाण्यावर टाइप करत होतो. "थांबा दादा, ती नव्या मशीनवरून द्यायची, आयपी जुन्याचा," असं तुम्ही रात्री साडेदहाला सांगितलंत. मागून तुमच्या घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती. कोरोसिंकसाठी, म्हणजे मशीनांच्या आपसातल्या निरोपांसाठी, वेगळा छोटा स्विचही तुम्हीच घ्यायला लावलात. त्याला स्पीड फार नको, पण निरोप वेळेवर पोचायला हवा, रात्रीच्या बॅकअपच्या गर्दीत तो अडकता कामा नये. तीन मशीनं झाल्यावर पाय परत जोडायची गरज उरली नाही.

मागच्या सोमवारी ताणा पुन्हा बंद पडला. मी तेव्हा हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये, पुण्याच्या वाटेवर होतो. मोबाईलवर पाहिलं: दोन मतं हजर, गणपूर्ती आहे, डिझाईनचं व्हीएम बाण्यावर चालू. जॉबरला फोन केला तर त्याला काही कळलंसुद्धा नव्हतं. चहा घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसलो.

त्या मे महिन्यातल्या ऑर्डरचं डिझाईन परत लूमवर चढलंय. पहिल्या लॉटमधली टॉवेलची एक जोडी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवलीय, निळ्या किनारीची. रविवारी आई आणि मी घेऊन येतो. नाही म्हणू नका.

आपला,
टॉवेलच्या कारखान्यातला दादा
सोलापूर