सुमतीबाईंचीही आठवण काढा

महोदय,

५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन आला की सिंदिया जहाज कंपनीच्या ‘लॉयल्टी’ जहाजाची १९१९ची मुंबई-लंडन सफर आठवली जाते, कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजींचे गुणगान होते. ते योग्यच. पण सुमती मोरारजी? नरोत्तमशेठांची ही सून, शांतिकुमारांची पत्नी, लहान वयात त्या घरात आली आणि पुढे त्याच कंपनीची धुरा तिने वाहिली. १९५६मध्ये जहाजमालकांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद, १९७१मध्ये पद्मविभूषण. १९६५मध्ये पुढे ‘इस्कॉन’ ही कृष्णभक्तीची संस्था स्थापणाऱ्या वृद्ध स्वामी प्रभुपादांना ‘जलदूत’ या मालवाहू जहाजातून अमेरिकेला मोफत पाठवणाऱ्याही सुमतीबाईच. १९९८मध्ये त्या गेल्या. येत्या सागरी दिनी आपल्या अंकात त्यांच्यावर एक लेख यावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, मुंबई