रफार जागेवर बसवणाऱ्यांस

हार्फबझ लिहिणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

तुमचं हार्फबझ म्हणजे साठवलेल्या अक्षरांचे योग्य आकार निवडून ते पडद्यावर जागच्या जागी बसवणारं सॉफ्टवेअर, म्हणजेच शेपिंग इंजिन. त्याचं नाव फारसीतलं. ‘हर्फ’ म्हणजे अक्षर, ‘बाझ’ म्हणजे उघडं. मराठीत ते लिहिलं की ‘फ’वर रफार चढतो, आणि तो जागेवर दिसतो तो तुमच्यामुळेच. फायरफॉक्स, क्रोम, इंकस्केप वापरणाऱ्या बहुतेकांना तुमचं नावही ठाऊक नसतं, म्हणून हे जाहीर पत्र.

‘मार्मिक’ हा साधा शब्द. फाइलमध्ये त्याचे सात कोड: म, काना, र, हलंतचिन्ह, म, वेलांटी, क. पण ‘र्मि’ दाखवताना शेवटी साठवलेली वेलांटी सर्वांत आधी काढायची आणि पहिला र रफार करून डोक्यावर ठेवायचा. फॉन्टात आकार असतात आणि ते जोडायचे नियम असतात. वेलांटी उचलून पुढे आणणं हे शेपिंग इंजिनाचं काम. ते नसलं की पाय मोडलेला र सुटा उभा राहतो आणि वेलांटी शेजारच्या ‘क’ची होऊन बसते.

मराठीची खरी परीक्षा मात्र ‘ऱ्य’ची. आचार्यांची दक्षिणा आचाऱ्यांना जाऊ नये एवढीच आमची माफक अपेक्षा! ऱ (युनिकोड या अक्षरांच्या जागतिक क्रमांकयादीत ०९३१), हलंतचिन्ह, य असा क्रम दिला की तुम्ही तो नीट दाखवता. साधा र, हलंतचिन्ह, अदृश्य जोडक आणि मग य ही जुनी पद्धतही चालते. दोन्ही दिसतात सारखे, पण कोड वेगळे असल्याने शोधताना एक दुसऱ्याला सापडत नाही. एका दस्तऐवजात एकच पद्धत ठेवावी, आणि ती ०९३१ची.

लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस-संचाने ५.३ आवृत्तीपासून (२०१७) सगळ्या प्रणालींवर तुमचंच इंजिन घेतलं. तिथे अनेकजण एका गोष्टीत फसतात. ‘कॅरेक्टर’च्या खिडकीत देवनागरीचा फॉन्ट ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’च्या खात्यात वेगळा असतो, ‘वेस्टर्न’ फॉन्ट कितीही बदलला तरी मराठी मजकूर हलत नाही. त्याच खात्यात भाषा ‘मराठी’ निवडा. फॉन्टात मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतील, तर ते तेव्हाच दिसतात.

तुमच्या माथी मारल्या जाणाऱ्या बऱ्याच चुका तुमच्या नसतात, हेही लिहून ठेवतो. रिकामे चौकोन दिसले तर फॉन्टात ते अक्षरच नाही. ठिपक्यांचं वर्तुळ आलं तर टंकलेखनाचा क्रम चुकला आहे. जुन्या सवयीने वेलांटी आधी दाबली की हमखास येतं. आणि डोक्यावर रेघ असलेला रोमन ए आणि चलनचिन्ह यांची जोडी पुन्हापुन्हा दिसली, तर यूटीएफ-८ (युनिकोडचे कोड बाइटांत साठवण्याची पद्धत) फाइल भलत्याच एन्कोडिंगने, म्हणजे साठवणीच्या दुसऱ्याच पद्धतीने, उघडली आहे. देवनागरीच्या प्रत्येक कोडाचे तिच्यात तीन बाइट, पैकी पहिले दोन बहुतेक सारखेच, म्हणून ती जोडी. एक्सेलमध्ये सीएसव्हीवर डबल-क्लिक न करता ‘डेटा’मधून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ घ्यावं आणि ६५००१ (यूटीएफ-८चा तिथला क्रमांक) निवडावं.

‘एचबी-व्ह्यू’ या तुमच्या छोट्या प्रोग्रामसाठी वेगळे आभार. फॉन्टची फाइल आणि एक शब्द दिला की तो चित्र काढून देतो. तिथे ‘दऱ्या’ नीट आला आणि सॉफ्टवेअरमध्ये ‘दर्या’सारखा दिसला, की फॉन्टवाल्यांना फोन करायची गरज उरत नाही.

आपले,
देवनागरी मजकूर लावणारे